साडीचा खरा रंग दुकानात दिसतो की दारात?

धूपछाव
सोमवार, रात्री १०:१५

माझ्या जाऊबाईंचं पैठणीचं छोटं दुकान आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुपारचे तीन-चार तास मी तिथे बसते. परवा एक आजी आणि त्यांची नात आल्या होत्या. नातीचं लग्न ठरलंय. तासभर घड्या उलगडून झाल्यावर एक साडी दोघींनाही एकदम पसंत पडली. आजी म्हणाल्या, "हा वांगी रंग खुलेल तुला." नात म्हणाली, "आजी, वांगी कुठे? ही मोरपंखी आहे."

साडी धूपछाव होती. ताणा, म्हणजे उभे धागे, राणी रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, मोरपंखी. आजी खुर्चीत बसल्या होत्या आणि नात काउंटरशी उभी होती. मी दोघींना जागा बदलायला सांगितल्या. आता आजींना मोरपंखी दिसायला लागली आणि नातीला वांगी. मग आम्ही तिघी साडी घेऊन दारात गेलो. उन्हात ती आणखी वेगळी निघाली, जांभळाच्या सालीवर निळसर लव असते तशी. पुन्हा आत ट्यूबलाइटखाली आणली तर जरा मलूल झाली. नात म्हणाली, "काकू, पण हिचा खरा रंग कोणता?"

आमच्या बिलबुकात रंगाचा रकाना असतो, बदलून द्यायची वेळ आली तर पंचाईत नको म्हणून. पेन हातात घेऊन मी नुसती बसून राहिले. त्या म्हणाल्या, विचार करून शनिवारी येतो.

दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक साडी दारात नेतं. 'उजेडात बघू द्या' हे वाक्य दिवसातून वीस वेळा कानावर पडतं. त्यात एक तत्त्वज्ञान गृहीत धरलेलं आहे हे मला परवा कळलं. आपण मानतो की रंग साडीत आहे, ट्यूबलाइट तो लपवते आणि ऊन तो दाखवतं. पण मग सकाळच्या उन्हातला खरा, बाराच्या उन्हातला, की पावसाळी मळभातला?

तेव्हापासून वाचत सुटले आहे. अरिस्टॉटलने इंद्रधनुष्याबद्दल लिहिताना मध्येच विणकर आणि भरतकाम करणाऱ्यांचा दाखला दिलाय. जांभळा धागा पांढऱ्या लोकरीवर वेगळा दिसतो आणि काळ्या लोकरीवर वेगळा. दिव्याच्या उजेडात काम करताना कारागिरांकडून धागे चुकतात आणि भलताच रंग लागतो, असं ते स्वतःच सांगतात, असं तो लिहितो. सुमारे २३०० वर्षांपूर्वीचा ग्रीक माणूस आमच्या दुकानातली गोष्ट सांगतोय असं वाटलं.

दुसरी गोष्ट पॅरिसची. १८२४ मध्ये शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला तिथल्या गोब्लँ या सरकारी गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख नेमलं. त्याच्याकडे तक्रार आली की आपला काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्या नक्षीत तो काळा दिसतच नाही. त्याने इतर ठिकाणची उत्तम काळी लोकर मागवून शेजारी ठेवली. गोब्लँची लोकर कुठेच कमी नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्याला लागून ठेवलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध रंगाची, नारिंगीकडे झुकणारी झाक चढते आणि काळा मातकट वाटतो. रंगाच्या पिंपात काही कमी नव्हतं, कमी दिसत होतं ते बघणाऱ्याला. १८३९ मध्ये त्याने यावर एवढा जाडजूड ग्रंथ लिहिला की पुढे चित्रकारांनी तो उशाशी घेतला.

इथे तत्त्वज्ञान, संस्कृत, विज्ञान जाणणारी बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. रंग नेमका असतो कुठे? धाग्यात, उजेडात, डोळ्यात, की आणखी कुठे? आणि शनिवारी रकान्यात काय लिहू?

पडवी
सोमवार, रात्री १०:५०

फार आवडला धागा. रंगांची नावंच घ्या ना. जांभळा, नारिंगी, गुलाबी, राखाडी, आमसुली, डाळिंबी, शेवाळी, विटकरी, अबोली. तपकिरी हा नाकात ओढायच्या तपकिरीवरून आला. अगदी तांबडासुद्धा तांब्यावरून. म्हणजे आपली भाषा रंग वस्तूपासून सुटा करायलाच तयार नाही. माझी आजी 'पर्पल' दाखवला की विचारायची, "म्हणजे कशासारखा?"

अवच्छेदक
मंगळवार, सकाळी ७:३०

धूपछावताई, तुमच्या नेमक्या याच साडीवर आपल्याकडे कित्येक शतकं वाद झाला आहे.

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं दर्शन, शिकणाऱ्याच्या हाती पडणारं पहिलं पुस्तक, सतराव्या शतकातलं. मी ते गुरुजींसमोर बसून पाठ केलं. त्यात रंगाची व्याख्या आहे, 'चक्षुर्मात्रग्राह्यो गुणो रूपम्'. फक्त डोळ्यानेच कळतो तो गुण म्हणजे रूप. आकार हातालाही कळतो, रंग कळत नाही, म्हणून 'मात्र' हा शब्द. पुढे प्रकार दिले आहेत : शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि सातवा चित्र.

हा सातवा म्हणजे तुमची साडी. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांच्या, मते कापड म्हणजे धाग्यांचा ढीग नव्हे. धागे एकत्र आले की कापड नावाची एक नवी वस्तू जन्माला येते, तिला अवयवी म्हणतात. धाग्यांच्या रंगांतून कापडाचा रंग उपजतो. आता धागे दोन रंगांचे असतील तर कापडाचा रंग कोणता? तांबडा म्हणावा तर निळ्या धाग्यांचं काय करायचं? निळा म्हणावा तर तांबड्यांचं? रंग आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापून राहतो, अर्धामुर्धा राहत नाही, असा जुन्यांचा दंडक. बरं, कापडाला रंगच नाही म्हणावं तर ते डोळ्यांना दिसायलाच नको. मग एकच वाट उरते. दोन्ही धाग्यांच्या रंगांतून एक तिसराच, स्वतंत्र रंग उत्पन्न होतो. त्याचं नाव चित्ररूप.

बंगालमधल्या नवद्वीपचे नैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी हे झुगारलं. रंग वस्तूला पूर्ण व्यापतो हा हट्टच कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकाच कापडात एका भागी तांबडा आणि दुसऱ्या भागी निळा सुखाने राहू शकतात, मग वेगळा 'चित्र' मानायचं कारण उरत नाही. जुन्यांचं ऐकाल तर रकान्यात 'चित्र' लिहा. शिरोमणींचं ऐकाल तर दोन्ही धाग्यांचे रंग लिहा.

दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. रंग साडीतच आहे. डोळा तो तिथे जाऊन गाठतो, आणि हे 'जाऊन' अगदी शब्दशः घ्यायचं. नेत्रातून तेजाचा किरण निघून वस्तूला भिडतो, तेव्हा दिसतं. पुरावा म्हणून न्यायसूत्रांत रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांचा दाखला आहे. अंधारात मांजराचे डोळे पाहिलेल्या कुणालाही हा युक्तिवाद कुठून सुचला ते कळेल.

एक जोड. शास्त्रात पदोपदी 'नीलो घटः' येतं आणि नव्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे निळं मडकं उभं राहतं. निळं मडकं कुणी पाहिलंय? नील म्हणजे गडद, काळपट. काळ्याला सातांच्या यादीत वेगळी जागा नाही ती म्हणूनच. विठोबाला निळा आणि सावळा एकाच दमात म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

कुंभारवाडा
मंगळवार, दुपारी १:१०

मडक्याचा विषय निघालाय तर राहवत नाही. माझे वडील आणि आजोबा दोघेही चाकावर बसले. मी नोकरीत गेलो, पण आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, रचायला लहानपणापासून हात लावलाय.

एकाच मातीची, एकाच दिवशी वळलेली मडकी तांबडी करायची की काळी, हे आव्यात ठरतं. हवा खेळती ठेवली तर तांबडी निघतात. शेवटी तोंडं लिंपून धूर आत कोंडला तर काळी निघतात. मातीत लोह असतं. हवा मिळाली तर ते तांबड्या गंजासारखं होतं. हवा तोडली की त्याचं रूप बदलतं आणि धुराची काजळी अंगात मुरते. काळं मडकं पुन्हा मोकळ्या आगीत घातलं तर तांबडं होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

अवच्छेदक, तुमच्या शास्त्रात यावर काही आहे का? मला कायम प्रश्न पडायचा, आत काळं गेलं आणि बाहेर तांबडं आलं, ते मडकं तेच का?

अवच्छेदक
मंगळवार, दुपारी २:४५

काका, आहे, आणि हाच प्रश्न आहे! भाजल्याने बदलणाऱ्या रंगाला पाकज रूप म्हणतात. वैशेषिक, म्हणजे न्यायाच्या जोडीचं दर्शन मानणारे, म्हणतात, आगीने मडकं पार परमाणूंपर्यंत सुटं होतं, एकेका परमाणूचा काळा रंग जाऊन तांबडा येतो आणि ते पुन्हा जुळून मडकं होतं. म्हणजे बाहेर येतं ते नवं मडकं. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात, छे, मडकं आहे तसंच असतं, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून आग आत शिरते आणि अख्ख्या मडक्याचा रंग पालटते. हा पिठरपाक. त्यांचा पुरावा कुंभाराला पटेल असा आहे : वर रचलेली मडकी मधल्या वेळात कोसळत नाहीत, आणि बाहेर काढल्यावर आपण म्हणतो, 'तेच हे मडकं'.

कुंभारवाडा
मंगळवार, दुपारी ३:०५

आमचे आजोबा नैयायिक होते म्हणायचे. आव्यातनं मडकं काढलं की बोटाने वाजवून म्हणायचे, "आलास का बाबा."

लोलक
मंगळवार, रात्री ९:२०

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

न्यूटनने १६७२ मध्ये लोलकाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पांढरा उजेड म्हणजे निरनिराळ्या प्रमाणात वाकणाऱ्या किरणांचा मेळ, हे त्यातून दिसलं. इथपर्यंत सगळ्यांना शाळेत कळतं. पण १७०४ च्या ग्रंथात तो एक वाक्य लिहितो, ते शाळेत कुणी सांगत नाही. काटेकोर बोलायचं तर किरण रंगीत नसतात, त्यांच्यात अमुक एका रंगाची संवेदना जागवण्याची शक्ती असते, एवढंच. तांबडा किरण तांबडा नसतो! घंटेत नाद नसून थरथर असते, तसं.

मग साडीत काय आहे? कोणती तरंगलांबी गिळायची आणि कोणती परतवायची, ही प्रत्येक धाग्याची सवय. डोळ्यात काय आहे? तीन जातींच्या शंकुपेशी, मोठ्या, मधल्या आणि आखूड तरंगांना अधिक दाद देणाऱ्या. तीन असाव्यात हा अंदाज टॉमस यंगने १८०२ मध्येच बांधला होता. उजेडातला सगळा गुंता या तीन आकड्यांत आवळला जातो, त्यामुळे दोन अगदी वेगळे उजेड सारखेच दिसू शकतात. हा मजकूर वाचताय त्या पडद्यावर पिवळा रंग बघा. तिथे पिवळ्याचा एकही दिवा नाही. तांबडे आणि हिरवे ठिपके इतके बारीक की डोळ्याला वेगळे काढता येत नाहीत. तुमच्या पैठणीत राणी आणि मोरपंखी धाग्यांचं लांबून 'वांगी' होतं ते याच रीतीने. आणि राणी रंगाला तर स्वतःची अशी तरंगलांबीच नाही. इंद्रधनुष्यात तो शोधून सापडणार नाही. तांबड्या टोकाचा आणि निळ्या टोकाचा उजेड एकदम डोळ्यात आला की तो दिसतो.

म्हणून चित्ररूपाच्या वादात मी म्हणेन, तिसरा रंग उपजतो हे जुन्यांचं बरोबर. पण तो कापडात उपजतो हे पटत नाही.

रानवाट
बुधवार, सकाळी ६:५०

मी या प्रश्नाकडे जरा वेगळ्या जागेवरून बघतो. मला तांबड्या-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. चौथीत चित्रात झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली, तेव्हा वर्ग हसला होता. पुढे एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचता आले नाहीत आणि ती नोकरी गेली. आजही पिकल्या मिरच्या तोडायला मी जात नाही. पानांत त्या मला दिसत नाहीत, बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात.

या दोषावरचा पहिला शास्त्रीय निबंध १७९४ मध्ये मँचेस्टरला वाचला तो जॉन डाल्टनने, अणुसिद्धान्तवाल्याच. तो स्वतः असाच होता. १७९२ मध्ये एका संध्याकाळी त्याने जिरेनियमचं गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. दिवसा त्याला ते आकाशी दिसायचं, मेणबत्तीत चक्क तांबडं दिसलं. त्याने सगळ्यांना विचारलं. त्याच्या भावाखेरीज कुणालाच एवढा फरक दिसेना. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याला उमगलं की आपलं जग निराळं आहे.

आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असला पाहिजे, असा त्याचा तर्क होता. मेल्यावर डोळे काढून बघा असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेला आणि डॉक्टरांनी पाहिलं, तर द्रव तुमच्याआमच्यासारखाच नितळ. डोळ्याचा अवशेष जपून ठेवला होता. १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा कळलं की मधल्या तरंगांची शंकुपेशी घडवणारं जनुकच नव्हतं.

आता माझा प्रश्न. मी 'हिरवा' हा शब्द तुमच्यासारखाच वापरतो. गवत हिरवं म्हणतो, सिग्नल खालचा लागला की गाडी काढतो. चूक सापडते ती मिरच्या तोडताना. पण समजा एखाद्याची चूक कधी सापडलीच नाही तर? इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने सतराव्या शतकात हाच प्रश्न काढला. एकाच्या मनात झेंडूने जी प्रतिमा उठते तीच दुसऱ्याच्या मनात जांभळ्या व्हायोलेटच्या फुलाने उठत असेल तर? दोघंही झेंडूला झेंडूच्याच रंगाचं म्हणतील, दसऱ्याला तोरण तेच बांधतील, आयुष्यभर काही कळणार नाही. लॉकला वाटत होतं की तसं नसावं. माझी पत्नी आणि मी एकाच बागेत उभे असतो तेव्हा मला तसं सहज म्हणवत नाही.

पडवी
बुधवार, सकाळी ८:१५

रानवाट, चौथीतलं वाचून पोटात तुटलं. मी शिक्षिका आहे. आजपासून रंगपेटीतल्या प्रत्येक खडूवर नाव लिहून ठेवणार.

अनंतराव
बुधवार, दुपारी १२:००

एवढं सगळं झाल्यावर सरळ का म्हणत नाही की रंग हा भास आहे? ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सांगून गेला : गोड-कडू, थंड-गरम, रंग हे सगळं मानण्यापुरतं, वास्तवात फक्त अणू आणि पोकळी. गॅलिलिओने १६२३ मध्ये तेच म्हटलं. पिसाने गुदगुल्या झाल्या तर त्या पिसात नसतात, माणूस काढून घेतला तर रंगही उरणार नाही. शंकराचार्यांनी तर ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच आकाशाचा दाखला दिलाय. आकाश डोळ्यांना दिसणारी वस्तूच नाही, तरी अजाण लोक त्यावर पृष्ठभाग आणि मळकटपणा आरोपतात. रंग हा अध्यास. विषय संपला.

निरंजना
बुधवार, दुपारी १२:४०

संपला नाही, अनंतराव. डेमोक्रिटसचं अर्धंच सांगितलंत. गेलन या वैद्याने त्याचा पुढचा भाग जपून ठेवलाय. बुद्धीने रंगाला खोटं ठरवल्यावर इंद्रियं तिला उत्तर देतात : बिचारे बुद्धी, पुरावे आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आम्ही पडलो की तूही पडलीस. अणू आहेत हे कुणी कशाने शोधलं? डोळ्यांनीच ना? हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं यात त्या माणसाचं मोठेपण आहे.

बौद्ध आचार्य याहून बारीक गेले. दिङ्नाग अभिधर्मातलं, म्हणजे बौद्ध शास्त्रग्रंथांतलं, एक वचन आधाराला घेतो, त्याचा आशय असा : डोळ्याचं ज्ञान निळं जाणतं, 'हे निळं आहे' असं जाणत नाही. फार सुंदर भेद आहे हा. आजी आणि नात यांचं भांडण 'वांगी' आणि 'मोरपंखी' या शब्दांवर झालं. त्याच्या आधीच्या क्षणी दोघींना जे दिसलं त्याला अजून नाव नव्हतं, आणि नावाआधी भांडता येत नाही. धर्मकीर्ती आणखी पुढे जातो. 'सहोपलम्भनियमादभेदो नीलतद्धियोः'. निळं आणि निळ्याची जाण ही दोन नेहमी बरोबरच सापडतात, एकीवाचून दुसरं कधीच नाही, मग त्यांना दोन का म्हणायचं? रंग आत की बाहेर, या प्रश्नातलं 'आत-बाहेर'च त्याने काढून घेतलं.

मला स्वतःला धर्मकीर्ती पूर्ण पटत नाही. नीलाची जाण नसताना नील नव्हतंच, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण त्याचं वचन कळल्यापासून आकाशाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही, एवढं खरं.

अवच्छेदक
बुधवार, रात्री ८:३०

निरंजनाताई, नैयायिकाला तुमचे बौद्ध सुखाने झोपू देत नाहीत, हजार वर्षं झाली!

पण 'भास' या शब्दावर मला अनंतरावांशी बोलायचं आहे. काविळीत शंख पिवळा दिसतो, हे आपलं ठरलेलं उदाहरण. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, हे दुसरं. या दोन्हींना चूक म्हणता येतं, कारण शंख पांढरा आहे हे आपल्याला दुसऱ्या वेळी दिसलेलं असतं. सगळंच भास म्हटलं तर काविळीच्या रोग्यात आणि निरोग्यात फरक काय उरला? वैद्याने कशाला बघायचं?

चूक ओळखायची नैयायिकांची रीत बघा. पाण्याचा रंग त्यांच्या मते शुक्ल, पण चकाकी नसलेला. मग यमुनेचं पाणी निळं का? विश्वनाथ पंचाननाच्या मुक्तावली या न्यायग्रंथात उत्तर आहे की तो निळेपणा आश्रयामुळे, म्हणजे पाण्याखालच्या जमिनीमुळे, आलेला आहे, पाण्याचा स्वतःचा नव्हे. कशावरून? तेच पाणी वर आकाशात उडवा, पांढरं दिसतं. ओंजळभर पाणी घेऊन शहानिशा करायला सांगणारं शास्त्र आहे हे, नुसतं शब्दांचं नाही.

लोलक
बुधवार, रात्री १०:०५

अवच्छेदक, हे वाचून उठून उभा राहिलो. कारण १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जहाजावरून नेमकं हेच केलं!

समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. म्हणजे उसना रंग. मुक्तावलीकारांसारखंच, फक्त कारण खालच्याऐवजी वरचं. रामन युरोपहून परत येत होते. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. परावर्तित उजेड एका विशिष्ट कोनातून जवळजवळ पुरता ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा, असतो, त्यामुळे प्रिझम योग्य फिरवला की प्रतिबिंब छाटलं जातं. डेकवरून त्यांनी आकाशाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं आणि खाली पाहिलं. समुद्र निळाच होता, उलट आणखी गहिरा. 'नारकुंडा' जहाज मुंबई बंदरात लागलं तेव्हा तिथूनच त्यांनी 'नेचर'ला पत्र धाडलं. पुढे कोलकात्यात सुरू झालेलं उजेडाच्या विखुरणाचं काम १९२८ च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत गेलं.

मुक्तावलीकारांचा प्रयोग बरोबर होता, निष्कर्ष चुकला. उडवलेल्या थेंबांत पाण्याची खोली नसते. पाणी तांबडा उजेड हळूहळू, मीटरामीटराने गिळतं. ओंजळीत ते कळतच नाही, समुद्रात कळतं. म्हणजे रंगाला जाडीही लागते. आणि रामन यांनी उतारवयात सगळं लक्ष कशाकडे वळवलं? डोळ्याला रंग दिसतो कसा याकडे.

वाघूर
गुरुवार, सकाळी ११:२०

अजिंठ्याच्या जवळच राहतो, म्हणून थोडं लिहितो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर पर्यटक विचारतात, मूळ रंग हेच का? रंग बहुतेक इथल्याच मातीचे, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. निळा तेवढा लाजवर्द या दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी चित्रं वाचवली, गळू पाहणारा गिलावा जागेवर बसवला आणि वरून लाखेचा थर दिला. तो थर पुढे पिवळा पडत गेला. पिवळ्या थराखालचा निळा हिरवट दिसतो, पांढरा मधाळ दिसतो. म्हणजे अख्ख्या चित्रालाच कावीळ. पुढे पुरातत्त्व खात्याने जिथे थर काढला तिथे खालचा निळा झळकला.

पण थर निघाला की 'खरा रंग' आला का? रंगवणाऱ्याने तो तेलाच्या दिव्यात किंवा दारातून आत उडवलेल्या उन्हात पाहिला असणार. आपण तो जपून लावलेल्या विजेच्या मंद दिव्यात बघतो. त्याला जसा दिसला तसा बघायला आपल्याला त्याचा दिवा आणावा लागेल. मी दर वेळी त्या निळ्यासमोर थांबतो आणि हे मनात येतं.

बर्फाळ
गुरुवार, सायंकाळी ५:५५

कॅनडातून लिहितेय. इथे हिवाळ्यात चार वाजता अंधारतं. आकाश निळसर असतं आणि रस्त्यावरचे पिवळे दिवे लागतात, तेव्हा बर्फावर माझ्या दोन सावल्या पडतात. एक पिवळट, एक स्वच्छ निळी. पहिल्या वर्षी मी मैत्रिणीला थांबवून विचारलं होतं, तुलाही निळी दिसते ना? जर्मन कवी गटेने तिथल्या हार्त्झच्या पहाडावरून संध्याकाळी उतरताना असंच पाहिलं होतं. पिवळसर बर्फावर जांभळट सावल्या, आणि सूर्य बुडताना उजेड लालभडक झाला तेव्हा त्याच सावल्या हिरव्या. रंगांवरच्या १८१० च्या ग्रंथात न्यूटनवर त्याने केलेली टीका भौतिकीत टिकली नाही. सावल्यांचं मात्र त्याचं खरं आहे.

त्यावरून मेरीची गोष्ट आठवली. ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक जॅक्सन या तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये मांडली. मेरी जन्मभर काळ्या-पांढऱ्या खोलीत राहून रंगांचं सगळं विज्ञान शिकते, शंकुपेशींपासून मेंदूपर्यंत. एके दिवशी बाहेर येऊन तांबडा रंग बघते. तिला काही नवं कळलं की नाही? मी निळ्या सावलीबद्दल आधी वाचलं असतं तरी त्या संध्याकाळी थांबलेच असते, असं मला वाटतं. 'नवं कळलं' असं म्हणणाऱ्या जॅक्सनने स्वतः पुढे मत बदललं, तेही सांगायला हवं.

धूपछाव
शनिवार, रात्री ९:४०

सगळं दोनदोनदा वाचलं. रानवाट, तुमचं वाचल्यावर मी दुकानातल्या प्रत्येक घडीवर रंगाचं नाव लिहून चिठ्ठी लावायला घेतली आहे. काल एक गृहस्थ बायकोसाठी साडी घ्यायला एकटेच आले होते आणि बराच वेळ नुसतेच उभे होते. त्यांना चिठ्ठ्या वाचताना पाहिलं.

गुरुवारी वीज गेली होती. दिवेलागणीची वेळ, दार उघडं. काउंटरवर एक लाल कुंकवाची आणि एक चिंतामणी, अशा दोन साड्या पसरलेल्या. दुपारी लाल साडी निळीपेक्षा उजळ होती. बघता बघता ती विझत गेली, पार काळी झाली, आणि चिंतामणी अंधारात राखेसारखी उजळ राहिली. साड्या जागच्या हलल्या नव्हत्या. परत वाचलं तेव्हा कळलं की बोहेमियाच्या पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हेच नोंदवलंय. अंधारात शंकुपेशी थकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात, त्यांना तांबडा जवळजवळ दिसतच नाही. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणून तर आई तिन्हीसांजेला साडी घेऊ द्यायच्या नाहीत." मला ते कायम शकुन-अपशकुनाचं वाटायचं.

आज आजी आणि नात आल्या. साडी पुन्हा दारात नेली, पुन्हा आत आणली. आजी म्हणाल्या, "मांडवात दिवे कसले असतील कुणास ठाऊक, पण मी पहिल्या रांगेत बसणार आणि तू उभी असणार. मला वांगीच दिसेल." साडी घेतली.

रकान्यात मी लिहिलं : ताणा राणी, बाणा मोरपंखी. नातीने बिल वाचलं आणि पेन मागून घेतलं. पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं : आजीच्या खुर्चीतून वांगी.

अवच्छेदक
शनिवार, रात्री १०:१०

म्हणजे शिरोमणी आणि जुने, दोघांनाही एकाच बिलात जागा मिळाली. आणि पदर, ताई? जरीच्या पदरासाठी रकान्यात काय लिहिलंत?